ओलं, कोरडं

सातवीच्या पुस्तकात बाष्पीभवन दीड पान आहे.
कापत कापत मी ते दोन कार्डांवर आणलं:
ओलं. कोरडं.
इतवारीतून आणलेलं वेल्क्रो मागे चिकटवलं,
ओल्याला स्पंज, कोरड्याला सँडपेपर.
सुमेधची बोटं डोळ्यांच्या आधी वाचतात.

एप्रिल. मानेवाड्यातली सकाळची शाळा,
नऊलाच खिडकीची सळई हात लावू देत नाही.
त्याचा पंजा बादलीत बुडवून
पाटीवर उमटवला. ओलं, म्हटलं.
पाटी कूलरसमोर धरली.
आधी करंगळी गेली, मग बाकीची बोटं,
तळवा सगळ्यात शेवटी.

आता त्याने कोरडं उचलायचं,
एवढंच होतं माझ्या आराखड्यात.

त्याने पाटी उलटी केली.
मागे पाहिलं. माझ्या ओढणीखाली पाहिलं.
मग कूलरच्या जाळीला कान लावून बसला.
"तुहा हात कुठी गेला बे?" मंदाबाई हसल्या,
तसा तो गर्रकन वळला त्यांच्याकडे.

नोंदवहीत रकाना आहे: प्रतिसाद, बरोबर की चूक.
तो कोराच ठेवलाय.
रात्रीचे अकरा. तिसऱ्या कार्डासाठी पुठ्ठा कापतेय.
कुठे?
याच्यावर काय चिकटवावं, सुचत नाही.