झडपा

सावद्यात पारा आठवर आला
की खेमचंदचा फोन येतो:
"ताई, आज रातीच पानी देतो केळीले,
बांधावर पाला पेटवतो.
गारठ्यानं पोंगा करपतोय."

बरं म्हणते मी, आणि
उत्तरेकडच्या झडपा उघडते,
चौदाच्या चौदा.
कूलर बंद पडतात तेव्हा
त्या शांततेनंच कान दचकतात.
सातपुड्यावरून उतरलेली हवा
रांगेनं उभ्या सर्व्हरच्या तोंडात शिरते,
मागून निघते ती
टोपलीतल्या कळण्याच्या भाकरीइतकी ऊन.

मे महिन्यात, सत्तेचाळीस अंशांत,
हीच इमारत टँकरमागून टँकर पिते.
म्हणून दिवाळीपासूनच
मी थंडीची वाट बघते.
घरी हे बोलत नाही.

तीन वाजता धुराचा इशारा वाजला.
सगळ्या रांगा फिरले,
आत कुठंच काही जळत नव्हतं.
मग फिल्टरला नाक लावलं:
केळीचा पाला, अर्धा ओला,
आमच्याच बांधावरचा.

झडपा मिटल्या. कूलर घरघरले.
वहीत कारणाचा रकाना असतो.
पेन जरा वेळ तसंच धरून
लिहिलं,
वारा फिरला.