दारावरची गर्दी

ग्रिम्सबी. पहाटेचे तीन दहा.
डायलिसिसच्या गाड्या बुक करायचं आमचं पान
उघडेना.

लॉग पाहिला : सेकंदाला चाळीस हजार थापा,
आणि आत यायचं कुणालाच नाही.
वाजवायचं, दार उघडेपर्यंत थांबायचं नाही,
पुन्हा वाजवायचं.

दरोडेखोर म्हणावेत, तर तेही नव्हेत.
कुणाच्या दुकानातला कॅमेरा, कुणाचा टीव्ही,
पासवर्ड कधीच न बदललेले राउटर,
झोपेत चालणारी बिचारी यंत्रं.

पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे बंद करत गेले.
ब्राझील. व्हिएतनाम. मग
इचलकरंजी.
तिथे आता पावणेनऊ. मावशीच्या शोकेसवर
क्रोशाच्या रुमालाखाली एक राउटर लुकलुकतो.
तोच असेल असं नाही.
नसेल असंही नाही.
एंटर दाबलं.

चारला आलेख खाली बसला,
उतू जाता जाता गॅस बंद केलेल्या दुधासारखा.

अडवलेल्यांच्या यादीत एक पत्ता इथलाच, क्लीथॉर्प्सचा.
मिसेस ब्लँचर्ड. रात्रीपासून एकशेबारा वेळा
तेच बटण दाबत बसलेली.
माझ्या नियमानं तिलाही हल्लेखोरांत धरलेलं.

तिला हातानं सोडवलं.
सव्वासहाची गाडी. ड्रायव्हरसाठी शेरा :
बेल बिघडली आहे.
दार जोरात वाजवा.