वीजबिलाच्या पाठीवर

प्रणोती, तू यादी मागितलीस, म्हणून हे वीजबिलाच्या पाठीवर.
अक्षर लागलं नाही तर फोन कर,
सहा ते आठ मात्र नको. तेव्हा पिकोचं मशीन चालू असतं
आणि त्याच्यापुढे माझंच मला ऐकू येत नाही.

आधी बोहरी आळी. शनिवार टाळ.
हातगाडी आडवी आली तर तिच्या मागूनच चाल, वाट तीच काढते.
हमाल "ए, बाजू!" ओरडतो ते सगळ्या जगाला,
तुला एकटीला नाही.
मुस्तफाभाईंकडे बटणं वजनावर मिळतात.
त्यांना रंग सांगू नकोस, कापड दाखव.
चष्मा कपाळावर चढवतील, कापडाला बोट लावतील
आणि सतरा डबे ओलांडून अठरावा काढतील.
माझं नाव सांगितलंस तर
दोन रुपये जास्त लावतील. जुनी उधारी आहे.

तिथून तांबट आळीत जा,
काही घ्यायला नव्हे, उभं राहायला.
पाच मिनिटं नुसता गोंगाट वाटेल,
मग एका घरचा ठोका दुसऱ्या घरच्या ठोक्यात
बरोबर मधल्या जागी पडतोय असं ऐकू येईल,
आणि मग सगळं थांबेल,
कारण चहा आला.

खायचं म्हणशील तर चांगल्या जागेची खूण एकच:
फळ्यावर निदान एका पदार्थापुढे
"संपले" लिहिलेलं असावं.
घोलपबाईंची मिसळ. "मध्यम" म्हटलं तरी त्या "तिखट" ऐकतात.
वाद घालू नकोस, पाव जास्त घे.
कॅम्पात भोपळे चौकाच्या अलीकडे एक बेकरी,
पाटी नाही, चार वाजता वासानं सापडते.

जुना बाजार बुधवारी, रविवारीही.
तिथे मला एकदा
माझ्याच दुकानातून गेलेली कात्री दिसली.
ऐंशी रुपयांना परत घेतली.
घासाघीस केली नाही,
धार लावून ठेवली होती बिचाऱ्यानं.

वेताळ टेकडीवर सकाळी गेलीस
तर चालणारे आजोबा गुडघ्यांवर सल्ला देतील. संध्याकाळी जा.
खाणीच्या तळ्याशी बस.
मोर दिसत नाहीत, ओरडतात.
तेवढं पुरतं.

*

हे लिहिलं त्याला आठ महिने झाले.
परवा ती आली, हिंजवडीहून दोन बस बदलून,
हातात तेच बिल, घड्यांवर फाटलेलं,
घोलपबाईंच्या ओळीवर तेलाचा लालसर डाग.
"सगळं झालं मावशी. पण एक तुमच्या यादीत नाही.
चला न."

पस्तीस वर्षं नाना पेठेत काढलेली मी
एका चंद्रपूरच्या पोरीमागून निघाले.
दुकानाला वळसा, रद्दीवाला, नळ,
मग एक बोळ, जो मला
कुणाच्या तरी घराचा वाटत आला होता.

आत चुलीवर खोल बुडाची कढई,
तांदळाच्या पिठाची जाड भाकर तिच्या पोटाला थापलेली,
शेंगदाणे, तीळ, कढीपत्ता, मधे बोटानं पाडलेली भोकं.
"सर्वपिंडी," प्रणोती म्हणाली, जणू तिनंच शोधून काढली.
तेलाचा थेंब भोकात सोडत
राजेश्वरी येमूल माझ्याकडे बघत राहिल्या.
"तुम्ही पिकोवाल्या ना?
भिंतीतनं रोज ऐकते.
सहाला मशीन लागलं
की मी तवा ठेवते."

मी खाली बघून खात राहिले.
कडा कुरकुरीत होत्या, मधला भाग मऊ,
आणि मिरची खूप उशिरा लागली.

बिलाच्या पाठीवर जागा उरली नव्हती.
प्रणोतीनं ते उलटं केलं, युनिटांच्या आकड्याशेजारी लिहिलं:
मावशींच्या मागच्या भिंतीपलीकडे.
सहानंतर.