चौदाव्या भागातलं दार

माझं काम भिंतींना धडकणं.
सकाळी दहाला हजेरी लावायची, मग
खेळातल्या त्या पोराला घेऊन
एकेका भिंतीवर जाऊन आपटायचं,
कोपरे चाचपायचे, कुठे फट राहिली का,
कुठून तो जगाबाहेर सांडतो का ते बघायचं
आणि वहीत लिहायचं.
एकोणतीस वर्षं. फुकुओकातल्या याच इमारतीत
तिसऱ्या मजल्यावरून सहाव्यावर आलो, एवढीच बढती.

'कंदिलाची दरी', भाग चौदा.
पोरगा अजून बारा वर्षांचाच.
अजून त्याला जाग येते त्याच पेंढ्याच्या अंथरुणावर,
अजून गावचा म्हातारा बाहेरून हाक देतो,
"ऊठ रे, दरीतला उजेड विझला."
तेरा वेळा आम्ही तो पेटवला.
तेरा वेळा खोकी दुकानांत पोचली
आणि पुढच्या वसंतात
कुणीतरी वरच्या मजल्यावरून फुंकर मारली.

आता पोराचा एकेक केस सुटा हलतो.
पहिल्या भागात अख्खं डोकं नऊ ठिपक्यांचं,
त्यातला एक ठिपका डोळा.
मी तेव्हा शाळेत होतो.
तरी तो रडतोय हे मला कळायचं.

आणि ते घराचं दार.
सरकताना वाजतं, खर्रर्र-ठक्.
ओरिएबाईंनी तो आवाज वडिलांच्या
मिसोच्या कोठारात जाऊन टेपवर घेतला होता.
कोठार पाडलं, तिथे आता गाड्या लावतात.
वडील गेले. टेप बुरशीनं खाल्ली.
नवव्या भागात आम्ही दार बदललं,
अस्सल लाकूड, अस्सल खोबण, सोळा माइक.
ब्राझीलहून एका आईचं पत्र आलं:
मुलगा या दारातून जायला तयार नाही,
म्हणतो, हे आपलं घर नव्हे.
दहाव्यात जुना आवाज परत आणला
तर लोक म्हणाले, "पुन्हा तेच?"
दोन्ही खरं होतं. हीच तर पंचाईत.

"काहीतरी नवं हवं," इनागाकीसाहेब म्हणतात,
"पण ओळखीचं."
दर वेळी म्हणतात. आम्ही दर वेळी माना डोलावतो.

रात्री नदीकाठच्या गाडीवर
मालक पातेल्यात नवा रस्सा ओततो, जुन्याच्या अंगावर.
तळ कधी दिसू देत नाही.
वडिलांच्या वेळेपासून हे भांडं रिकामं झालेलं नाही म्हणे.
मी विचारलं, मग यात त्यांचं किती उरलं असेल?
तो पळी पुसत राहिला.
"हिशेब मांडलात तर थेंबही नाही.
खा, निवतंय."

गुरुवारी मी नेहमीसारखा दाराशी गेलो.
बटण दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं.
वहीत लिहिलं: दार उघडत नाही, दोष गंभीर.
अंगठा उचलला, चहाकडे हात नेला
आणि तेवढ्यात, खर्रर्र-ठक्,
तोच आवाज, पण पलीकडून.
तेरा भागांत ते दार पलीकडून कुणी उघडलं नव्हतं.

उंबऱ्यात म्हातारा. गुडघ्यापर्यंत चिखल,
हातात पेटता कंदील.
"नीज बाळा," म्हणाला, "मी जाऊन आलो."

इत्सुकीचं काम हे. चोवीस वर्षांचं पोर,
सहाव्या आणि सातव्या भागाच्या मधे जन्मलेलं.
कुणाला न विचारता घातलं त्यानं.
मी त्याच्या टेबलाकडे पाहिलं,
तो कीबोर्डमधले पावाचे कण उडवत होता,
मान खाली, कान लाल.

इनागाकीसाहेब ते काढून टाकतील बहुधा.
उजेड परत आलेला असेल तर खेळायचं काय?
त्यांचंही बरोबर.
मी वहीतली ओळ खोडली,
तिच्याजागी काही सुचलं नाही.

पोराला परत अंथरुणापाशी नेलं.
या खेळात झोपायचं बटण नाही, कधीच नव्हतं.
भिंतीकडे तोंड करून उभा केला.
धडकवला नाही.