डाव्या दाराचा रंग

शोरूमवाला म्हणाला, एक्स्चेंजमध्ये पंचेचाळीस,
वर वीस बोनस,
पण तो नव्या गाडीच्या बिलातच दिसेल.
कुर्ल्याचा दलाल म्हणाला, रोख बहात्तर,
आरटीओचं मी बघतो, काका, तुम्ही फक्त सह्या करा.
मी वहीत दोन रकाने आखले.
पोर्ट ट्रस्टात एकतीस वर्षं रकानेच आखले,
हाताला दुसरं काही येत नाही.

पंधरा वर्षं भरली गाडीची.
परत पासिंग, पर्यावरण कर, पुढचे दोन टायर,
एसी तर मागच्या मे महिन्यापासून नुसता वारा घालतो.
विकायची हे ठरलेलंच होतं.
कोणाला, एवढंच उरलं होतं.

रविवारी दलालाचा पोरगा आला, सुफियान.
कन्नमवार नगरात, बदामाखाली,
पानं झटकून त्याने खिशातून मीटर काढलं,
डॉक्टरने छातीला लावावं तसं पत्र्याला लावत गेला.
बॉनेट एकशे दहा. छप्पर एकशे पाच.
उजवी दोन्ही दारं एकशे वीसच्या आत.
मागचं डावं दार :
तीनशे चाळीस.

काका, हे रंगवलंय.
मी म्हणालो, शक्यच नाही.
पहिल्या दिवसापासून या स्टिअरिंगला
माझ्याशिवाय कोणाचा हात नाही.
तो हसला. मीटरचं काय तुमच्याशी वैर आहे?

वर गॅलरीत वैजयंती कपडे वाळत घालत होती.
तोंडातला चिमटा काढून म्हणाली,
बरोबर बोलतोय तो.

मग खाली आली. चहा घेऊनच आली.
तेरा-चौदा साली शिकले, चेंबूरला,
ब्लाउज शिवायचे त्या पैशांतून.
तुम्ही मालवणला जायचात, भावांशी वाटणीचं भांडायला,
तेव्हा पहाटे चारला काढायचे गाडी.
फ्रीवे नवा होता. कुत्रंही नसायचं.
वडाळ्याच्या पंपावर खांब लागला एकदा.
दीड दिवसात रंगवून घेतलं.
तुम्ही आलात आणि म्हणालात,
वा, धुतलेली दिसतेय.

कुठे जायचीस?
कुठे म्हणजे?
ऑरेंज गेटला उतरायचं, वळायचं, परत.
तुमच्या ऑफिसच्या वरूनच की.

आणि पेट्रोल?
भरून ठेवायचे. अंदाजाने.

मी वहीकडे पाहिलं.
प्रत्येक टाकीची नोंद आहे माझ्याकडे,
लिटर, किलोमीटर, अ‍ॅव्हरेज.
चौदा-पंधराची गाडी कधीकधी बावीस द्यायची,
आणि मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून सांगायचो,
पाय हलका हवा, गिअर वेळेवर हवा,
तुम्ही लोक क्लचवर पाय ठेवून चालवता.
देवस्थळींच्या मुलाला तर
शेजारी बसवून शिकवलं होतं मी.
आणि सीट. पुढे सरकलेली सीट.
त्यापायी गाडी पुसणारी दोन पोरं बदलली.

सुफियानने चहा संपवला.
दाराचे सहा हजार कमी होतील, काका.
वैजयंती म्हणाली, होऊ देत. देऊन टाका.
आता गुडघ्याने क्लच दाबवत नाही,
आणि मला काय ती जपून ठेवायची नाहीये.

सकाळपर्यंत दोन रकाने होते,
बेरीज सरळ होती.
आता किल्ली मुठीत घेऊन मीच उभा,
बहात्तर वजा सहा
एवढं गणित जमेना.
म्हणालो, शनिवारी ये.
ते सहा हजार मात्र बरोबर आहेत, त्यावर मी बोलणार नाही.

रात्री माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या.
जिथे जिथे अ‍ॅव्हरेज अठराच्या वर,
तिथे पेन्सिलीने टिंब देत गेलो.
मग मालवणच्या एसटीची तिकिटं मोजली,
तीही ठेवलीयत मी, रबर लावून.

तिकिटं नऊ फेऱ्यांची.
टिंबं तेवीस.