नाकापुरतं पाणी

तिसऱ्या फळीवर, विंचवाच्या बरणीशेजारी
ती आहे, एकोणीस वर्षं.
चिठ्ठीवर लॅटिन नाव, खैरनार मॅडमच्या तिरक्या अक्षरात.
ठिकाण: पांझरा, न्याहळोद.
गोळा करणारा:
ही जागा कोरी.

आमच्याकडे तिला वांब म्हणतात. ही धाकली जात,
जेमतेम वीतभर.
अंग हिरवट होतं, पोट पिवळं,
कुशीवर उडालेले ताकाचे शिंतोडे.
फॉर्मालिनने तिला विंचवाचाच रंग दिला.

दरवर्षी नवी मुलं विचारतात, साप का, भाऊ?
मासा, मी सांगतो. कल्ला बघा.
मग बरणी फिरवून पाठ दाखवतो.
सव्वीस काटे. सुटे सुटे. मध्ये पडदा नाही.
एरवी खोबणीत निजलेले,
मुठीत धरलं की एकेक उठतो.
आणि पोटाखाली पर नाहीत.
वाळूत शिरताना ते अडले असते.

माझ्या बापाने, सुपडू वाडिलेने, काटे कधी मोजले नाहीत.
ते त्याच्या तळहातावरच होते.
पोऱ्या, उलटा हात नको फिरावू, म्हणायचा,
आणि दिवस मावळताना मला फडाच्या बंधाऱ्यावर
पालथं झोपवायचा, हनुवटी दगडावर.
पानी नको दखू. वाळू दख.

मी वाळू बघायचो.
खूप वेळ ती नुसती वाळू असायची.
मग एक कण सरकायचा. आणखी एक.
आणि करंगळीच्या टोकाएवढं काहीतरी वर यायचं,
ओलं, मऊ, इकडेतिकडे वळणारं.
नाकच ते. त्याच्या शेंड्याला दोन बारीक नळ्या.
डोळे वाळूतच राहायचे,
अंधारात त्यांचं काय काम?
गांडुळाचा, अळीचा वास नळीतून आत गेला
की सगळी वांब बाहेर,
आणि मी श्वास घेईपर्यंत
डुलत डुलत परत खाली,
वर साधा खळगाही नाही.

पाळी संपली की झिपरू पाटकरी फळ्या टाकायचा,
पाट उतरायचा.
दुपारपर्यंत मळे, मुऱ्या कुशीवर पडलेल्या, बगळे जमलेले.
बाप चिखलात कोपरापर्यंत हात घालायचा
आणि वांब काढून दाखवायचा.
तोंडाने हवा घेत होती.
ती मरेल नही, दम धरी बठेल शे.
असं म्हणून तिला जिथल्या तिथे पुरून टाकायचा.
विकायला मोठ्या वांबी होत्या. हिला धुळ्यात कोण विचारतो?

पुढे नदीत मासळी उरली नाही,
तेव्हा तो ट्रॅक्टरवर जायला लागला. घमेलं, फावडं.
रात्री दोनला निघायचे, उजाडायच्या आत खेप.
आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

ह्या प्रयोगशाळेचं बांधकाम चालू होतं.
मी नवीन लागलेलो.
बाहेर ढिगाऱ्यावर एक बाई वाळू चाळत होती,
ती ओरडली.
चाळणीवर गोटे, शिंपले,
आणि ही.
जिवंत.
ढिगाऱ्याच्या पोटात ओल होती,
तेवढ्यावर किती दिवस राहिली, कुणास ठाऊक.
मी उचलली, डोक्याकडून शेपटीकडे हात घेत,
आणि वाळू ओळखली. काळसर, मधे लाल खडा.
आमच्या बंधाऱ्याखालची.
कुणाच्या फावड्याने आली, तेही ओळखलं.

मॅडम हरखल्या. आपल्या संग्रहात हिची जात नव्हती.
बरणी आणा, म्हणाल्या.
मी आणली.
झाकण मीच लावलं. आतून जरा वेळ टकटक आली.

चिठ्ठी लिहिताना त्यांनी विचारलं, कुठली?
ते सांगितलं.
कुणी पकडली?
मी बेसिनचा नळ सोडला, हात धुवत राहिलो.

आता दर जूनमध्ये मी बरण्यांचं पाणी बदलतो.
हिच्या तळाशी चारपाच कण आहेत,
कल्ल्यातून गळालेले असतील.
मॅडम निवृत्त झाल्या, नवे सर म्हणतात
बरणी स्वच्छ हवी, तळ दिसायला हवा.
मी फडक्यातून गाळतो.
कण बोटाच्या पेरावर घेतो, खिडकीशी नेतो,
आणि परत आत टाकतो.