वाटणी

मोंदुलकिरीच्या या जंगलात फोनला रेंज एकाच जागी मिळते,
वारुळावर चढून, हात वर धरून.
माझं निम्मं काम त्या वारुळावर.
निम्मं बोटं टोचण्याचं.

सावेत आला मंगळवारी, भर दुपारी,
अंगावर दोन गोधड्या, ओठ सोललेले,
आणि बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटलेली.
थेंबभर रक्त. पंधरा मिनिटांनी पट्टीवर दुसरी रेघ,
आधी अंधूक, मग हट्टी.

वजन केलं. बावन्न किलो.
विचारायचं ते सगळं विचारलं:
फिट येते? मन कधी थाऱ्यावर नव्हतं?
हृदयाचं काही? आधी कुठली गोळी घेतलीस,
बाजारातली, टपरीवरची, कुणी दिलेली?
नाही, म्हणाला, नाही, नाही.
दात वाजवत म्हटलेलं ते 'नाही' मी वहीत लिहिलं.

आमच्याकडचा ताप शिकलेला आहे.
माझ्या बापाच्या वेळची गोळी त्याने पचवली,
तिच्यानंतरची पचवली, तिच्यानंतरचीही.
म्हणून आता त्याच्यासमोर एकट्याला पाठवत नाहीत.
एका गोळीत दोघं असतात.
एक घाईचा, येतो, दणादणा झाडतो,
संध्याकाळच्या आत निघूनही जातो.
दुसरा मंद, चिवट, आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकणारा,
सांदीकोपऱ्यात उरलेले हुडकत बसतो.
पहिल्याने ताप उतरवला
की माणसाला वाटतं, झालं.
तिथेच घात.

सहा गोळ्या. रोज दोन, तीन दिवस, पोटात भात घालून.
अर्ध्या तासात उलटली तर येऊन सांग.
चक्कर येईल. स्वप्नं वाईट पडतील, त्यांना भिऊ नकोस,
पण जागेपणी काही वेगळं दिसायला लागलं तर थांबू नकोस, ये.
पहिल्या दोन त्याने माझ्यासमोर गिळल्या.

बुधवारी संध्याकाळी गेले मी
राळेच्या झाडांपलीकडे, त्यांच्या झोळ्यांपाशी.
पाकिटात दोन उरलेल्या.
हिशेब बरोबर. खूण करायला पेन काढलं
तर दुसऱ्या झोळीत कुणीतरी कण्हलं.

"नारोम," सावेत म्हणाला. "धाकटा. काल रात्रीपासून तापलाय.
मला बरं वाटत होतं ना, माझ्या आजच्या त्याला दिल्या."
आणि हसला,
मीठ, तंबाखू, मासा वाटून झाल्यावर हसावं तसा.
काय बोलणार? आम्ही सगळं असंच वाटतो.
वाटलं की दुःख हलकं होतं.
वाटलं की औषधही.

मी विचारलं, नारोमला कधी फिट—

हसू होतं तिथेच थांबलं.
लहानपणी, म्हणाला, दोनदा.
आणि गेल्या वर्षी एकदा, कसावा उपटताना.

मग वारूळ. हात वर. सोक्लिमचा आवाज तुटत तुटत:
ही जोडी त्याला नको. इथे दुसरी आहे.
आणखी एकही देऊ नकोस. एकटा ठेवू नकोस. आण.

नारोमचं बोट टोचलं. दोन रेघा.
सावेतला त्या उरलेल्या दोन तिथेच गिळायला लावल्या,
उद्याच्या दोन नव्या पाकिटातून काढून ठेवल्या, माझ्याजवळ.
पुढे माझा नवरा, मधे नारोम, मागे मी,
बावीस किलोमीटर लाल धूळ, दिव्याच्या उजेडात रातकिडे.
त्याचं डोकं माझ्या खांद्यावर येई तेव्हा
मी त्याला त्याचं नाव विचारत होते.
त्याने प्रत्येक वेळी सांगितलं.
वाटेत फिट आली नाही.
आली असती तर, हे वाक्य मी अजून पुरं करत नाही.

छापील वहीत त्या प्रश्नाला रकाना नाही.
मी समासात लिहिते, आता प्रत्येकाच्या:
झोळीत आणखी कोण तापलंय?

पुढच्या आठवड्यात सावेत राळेची बाटली घेऊन आला.
अर्धी तुला, म्हणाला, अर्धी सोक्लिमला.
घेतली.
ही वाटणी चालते.